सैतानाची खोली

सिनेमाचा दुपारचा खेळ सुटला. दिग्दर्शक दारापाशी उभा राहून लोकांचे हात हातात घेत होता. कॉलेजची पोरं दोन बोटांची शिंगं करून त्याच्याबरोबर फोटो काढत होती. एकाने तर "सर, अंगावर काटा आला," म्हणत बाही वर सरकवून दाखवली.

गर्दी पांगली तेव्हा भिंतीला टेकून उभी असलेली बाई त्याला दिसली. ती खुन्याची आई होती. सिनेमातल्या नव्हे, खऱ्या.

पटकथा लिहिण्याआधी तो तिच्या घरी गेला होता. तिने चहा केला, मुलाची खोली उघडून दाखवली. पलंग, कपाट, भिंतीवर परीक्षेचं वेळापत्रक. तुरुंगात जाऊन तो मुलालाही भेटला होता. "मित्र सगळ्यांसमोर हसला मला," मुलगा म्हणाला होता. "डोकं फिरलं. हाताशी सळई होती." एवढंच.

"यात बघण्यासारखं काय आहे?" निर्मात्याने विचारलं. मग दिग्दर्शकाने सिनेमातल्या त्या खोलीत काळ्या मेणबत्त्या लावल्या, भिंतीवर बोकडाचं मुंडकं रंगवलं, पोरांना गोल बसवून सैतानाचं नाव घ्यायला लावलं. सिनेमा धो धो चालला.

"काकू, तुम्ही कशाला..." तो दोन पावलं पुढे झाला.

"शेजारीण नको म्हणत होती. पण आले."

शिव्या खायच्या तयारीने तो मान खाली घालून उभा राहिला. तिने हात जोडले.

"तुमचे उपकार झाले. इतकी वर्षं वाटायचं, माझ्या पोटी असा कसा निपजला? माझंच कुठं चुकलं? त्याला भेटायलासुद्धा गेले नाही मी. तोंड बघवलं नसतं. आता कळलं, ते करणारा तो नव्हताच. उद्या जाते भेटायला."

"काकू, सिनेमात आम्ही थोडं..."

"थोडं काय?"

रडून रडून तिचे डोळे सुजले होते. पण चेहरा असा मोकळा झाला होता की, तिच्या घरी पाहिलेली बाई हीच का, असं वाटावं. खरं काय ते त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"थोडं कमीच दाखवलंय," तो म्हणाला.

तिने मान हलवली. मग जवळ येऊन, कोणी ऐकू नये अशा आवाजात तिने विचारलं, "एक सांगाल? मी रोज त्या खोलीचा केर काढायचे. मला कधी काही दिसलं नाही. त्या मेणबत्त्या ठेवायचा कुठे तो?"

दिग्दर्शकाचे कान तापले. तिच्याकडे बघायचं सोडून तो आपल्या बुटांकडे बघू लागला.

"कपाटामागे."

"तरीच," ती सुस्कारा सोडून म्हणाली. "तिथवर माझा झाडू पोचतच नाही."