फुकटची आडवाट

टोलचा नवा रस्ता सुरू झाला, तेव्हा टॅक्सीवाल्याने शेतांमधून जाणारी आडवाट शोधली आणि अख्ख्या स्टँडला शिकवली. "टोलवाल्यांना म्हणावं, बसा माश्या मारत," तो मिशीत हसून सांगायचा.

आज धाप लागलेल्या आईला उचलून तो सरकारी दवाखान्यात शिरला, तर ऑक्सिजनच्या खोलीला कुलूप. त्याने सिस्टरकडे किल्ली मागितली.

"निधीच आला नाही, दादा," सिस्टर खालच्या आवाजात म्हणाल्या. "टोल कंपनीशी सरकारचा करारच तसा आहे. नव्या रस्त्यावर गाड्या कमी पडल्या, की कंपनीची तूट सरकारने भरून द्यायची. यंदा आमचे पैसे तिकडेच गेले."



आईचा हात गार पडत चालला, आणि त्याच्या डोळ्यांपुढे तो रस्ता आला: लांबच लांब, गुळगुळीत, एकही गाडी नसलेला.