बोंब मारेल त्याची वायर

"कुणी बोंबललं का? नाही ना? मग काप!"

"दाजी, जरा थांबू या. दोन मिनिटं तरी."

"थांबलो की! आता काय वायरीलाच विचारायचं, बाई गं, तुला कापू का?"

जिन्याखालच्या नेटच्या पेटीत वायरींचा नुसता गुंता होता; त्यातल्या बंद पडलेल्या तेवढ्या कापून टाकायच्या होत्या. कुठली कुणाच्या घरात जाते, एकीवरही लिहिलेलं नाही. म्हणून दाजींची पद्धत सरळ होती. एकेक वायर उपसायची आणि वर कान लावायचे. ज्याचं नेट गेलं, तो बोंब मारतोच. पहिल्या मजल्यावरच्या पोरानं तर दोघांच्या खानदानाचा उद्धार केला होता. त्याची वायर लगेच परत खोचली. या वायरीला मात्र कुणी ओ दिली नव्हती.

"मेलेली आहे," दाजी म्हणाले.

"मेलेली कशी? काढायच्या आधी लाइट लुकलुकत होता. काहीतरी येत-जात होतं."

"तू मला शिकव आता. बहीण दिलीस म्हणून डोक्यावर बसू नकोस."

मेहुण्यानं दातओठ खात वायर कापली. टोक खालच्या ढिगात पडलं. ढिगातल्या सगळ्या वायरी सारख्याच.

थोड्या वेळानं जिन्यावर पावलं वाजली. तिसऱ्या मजल्यावरची शिवणवाली उतरत होती. गळ्यात टेप. नुकतंच तोंड धुतलेलं, कानाजवळचे केस ओले.

तिनं तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "वहिनी, आमच्याकडून काही नाही हं. लाइन ठणठणीत आहे."

हे ते सगळ्यांनाच सांगायचे. एकदा चूक कबूल केली की बिल्डिंगमधला बंद पंखासुद्धा आपल्या नावावर लागतो, म्हणायचे.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "तेच सांगायला आले. माझं नेट बंद करून टाका. नको आता."

"का हो मावशी?" मेहुण्यानं विचारलं.

"बहिणीसाठी घेतलं होतं. थोरली आहे, लांब असते. बोलतच नव्हती माझ्याशी. आज कधी नव्हे ती व्हिडिओवर आली. आधी इकडचं तिकडचं झालं. मग धीर करून विचारलं, ताई, माफ केलंस का गं मला?" ती टेपचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "नुसती बघत राहिली. तोंड अर्धं उघडं, पापणीसुद्धा हलेना. आणि मग गेलीच."

मेहुण्याच्या हातात कटर तसाच होता.

"मावशी, ती नाही गेली. लाइन गेली. आम्ही वायर काढली, मग मी कापली. चित्र अडकलं तिचं. ती बोलत असेल तेव्हा! हो म्हणत असेल!"

ती त्याच्याकडे बघून हसली. "चांगला आहेस रे. मला बरं वाटावं म्हणून बोलतोस."

"आईशप्पथ! ही बघा ना..." तो ढिगात हात घालून उचकायला लागला. एक टोक उचललं, टाकलं, दुसरं उचललं. "अहो, फोन बघा तुमचा. ती करत असेल परत!"

"बंद करून कपाटात टाकलाय."

"मग चालू करा!"

"आणि करत नसेल तर?"

शिवणवाली दाजींकडे वळली.

"तुम्ही मोठे आहात. तुम्ही सांगा. मघाशी तुम्हीच म्हणालात ना, लाइन ठणठणीत आहे? नक्की काय ते सांगा, म्हणजे मी वर जाते."

दाजींनी घसा खाकरला. मेहुण्याकडे बघितलं नाही. पक्कड पिशवीत टाकली, चेन ओढली. ती मध्येच अडकली, तर हिसडा देऊन लावली.

"दुसरीकडे काम आहे," ते म्हणाले. "मला निघायला पाहिजे आता."