तोट्याचे पाडे

दूरसंचार नियामक मंडळाच्या सुनावणीत एका इंटरनेट कंपनीच्या वकिलांनी विचारलं, “मॅडम, तुम्ही अर्थतज्ज्ञ. डोंगरातल्या पाड्यांवर ब्रॉडबँड नेणं तोट्याचंच ना?”

“तोट्याचंच,” मृणाल टिपणीस म्हणाल्या. “म्हणूनच तो तोटा सगळ्या कंपन्यांनी शहरातल्या नफ्यातून वाटून घ्यावा.”

हे त्या वर्षानुवर्षं सांगत होत्या आणि दर वेळी पुढची तारीख पडत होती.

“मान्य. तसा आदेश काढा,” अध्यक्ष म्हणाले.

मृणालताई मात्र सवयीने बोलतच राहिल्या. पाड्यावरची शाळा, दवाखाना, सगळं पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या सहकाऱ्याने त्यांचा हात हलकेच दाबला. “ताई, बसा आता. त्यांनी मान्य केलंय.”

त्या बसल्या. आनंद व्हायला हवा होता. पण पाय किती दुखताहेत, एवढंच त्यांना जाणवलं.