मंगळवारची पाळी

इराकच्या लढाईत मारल्या गेलेल्या वेस्लीच्या स्मरणाच्या जेवणाला त्याची आई लॉरेटा पंधरा वर्षांनी पहिल्यांदाच त्याच्या कॉलेजच्या बंधुसंघाच्या, म्हणजे एकत्र राहणाऱ्या पोरांच्या मंडळाच्या, घरी आली होती. हजेरीत वेस्लीचं नाव पुकारलं, तशी सगळी पोरं एका आवाजात "हजर" म्हणाली. लॉरेटानं तेही कसंबसं निभावून नेलं.

जेवण झाल्यावर ताट ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली. भिंतीवर पाळ्यांचा फळा होता. मंगळवार, भांडी : वेस्ली.

"अरे, अजून नाव पुसलं नाहीत?"

"पुसायचं नाही असं ठरलंय, काकू," भांडी घासणारा पोरगा म्हणाला. "त्याच्या पाळीला आमच्यातलाच कुणीतरी उभा राहतो. आज मी."

लॉरेटानं बाह्या वर सारल्या.



"सरक बाळा. घरीही त्याची भांडी मीच घासायचे."