नऊ सावल्यांचं नगर

नाशिक रोडच्या वाचक कट्ट्यावर अद्भुत कादंबऱ्यांवरून वाद रंगला होता. आपण मागे पडतोय असं वाटून बोरस्ते सरांनी ठोकून दिलं, "तुम्ही कुणी 'नऊ सावल्यांचं नगर' वाचलीच नसेल!"

अशी कादंबरी कुणी लिहिलेलीच नव्हती.

"वाचलीय की!" शुभांगीताई म्हणाल्या. "शेवट जरा फसलाय." मग आणखी तिघांनी वाचली असल्याचं सांगितलं, आणि त्या शेवटावरून जोरात भांडलेसुद्धा. सरांना खरं सांगून टाकायचं होतं. पण आता तोंड उघडलं तर सगळ्यांचंच नाक कापलं जाणार, आणि सगळ्यांत आधी त्यांचं.

मंगळवारी कट्ट्याच्या अध्यक्षांचा फोन आला.



"सर, लेखक सापडले! येवल्याला राहतात. रविवारी सत्काराला यायला तयार आहेत. त्यांची ओळख तुम्हीच करून द्यायची."