नावाडी घरी येतो

वाटाण्याच्या शेंगा सोलता सोलता प्रत्येकाने वर्षभरात आवडलेला एकच सिनेमा सांगायचा, ही त्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची दर डिसेंबरातली पद्धत. यंदा सगळे इंदुताईंच्या पलंगाभोवती जमले होते, कारण आजारपणामुळे त्यांना वर्षभर उंबरठा ओलांडता आला नव्हता.

"मला तो नावाड्याचा आवडला," त्या म्हणाल्या. खरं तर त्यांनी तो पाहिलाच नव्हता. त्यांच्या हट्टापायी अच्युतराव रविवारी एकटे थिएटरात जायचे आणि संध्याकाळी चहा घेताना अख्खी गोष्ट बायकोला करून दाखवायचे. "पुरात सगळ्या गावाला पलीकडे सोडतो आणि पहाटे निथळत घरी येतो. बायको काही न बोलता टॉवेल पुढे करते. काय शेवट आहे!"

"काहीतरीच काय काकू! शेवटी तो बुडतो की," शेजारची रेवा बोलून गेली.

अच्युतराव सोललेलीच शेंग पुन्हा सोलू लागले.

"तुमच्या थिएटरात बुडाला असेल," इंदुताई हसल्या. "आमच्याकडे येतो तो घरी."

सगळे गेल्यावर अच्युतरावांनी चाचरत विचारलं, "तुला माहीत होतं?"

"अहो, दर रविवारी डोळे सुजवून घरी येता आणि तुमच्या गोष्टीत एकही माणूस मरत नाही!" इंदुताईंनी त्यांच्या हातातली रिकामी शेंग काढून घेतली. "या रविवारीही जा. तिथे हवं तेवढं रडून घ्या. पण मला शेवट आपलाच सांगा."