छातीवरचा नंबर

मायबाप, जवळ बसा, एका जवानाची गोष्ट सांगतो. धावण्याच्या चाचणीत नापास झाल्यामुळे पलटण त्याला घरी पाठवत होती. पेन्शन नाही, आजारी बायकोला लष्करी इस्पितळही बंद. निरोपाच्या तपासणीत त्याचा गुडघा पाहून पलटणीचे डॉक्टर कळवळले, "सरावात गुडघा दुखावला तेव्हाच सांगायचंस ना! जखमी म्हणून गेला असतास, तर सगळं मिळालं असतं. आता साक्षीदाराशिवाय कोण मानणार?" पलटण सुटेल म्हणून त्याने दुखणं लपवलं होतं. तेवढ्यात त्याचा हवालदार दोस्त आत शिरला. जवान ओरडला, "गप्प बस, गाढवा! नोकरी जाईल तुझी!" "जाऊ दे. वहिनी जगली पाहिजे. साहेब, हा पडला तेव्हा शेजारीच होतो. नंतरच्या चाचण्यांत याचा नंबर छातीला लावून मीच पळालो. यंदा रजेवर होतो." जवान जखमी ठरला, वहिनीला इस्पितळात खाट मिळाली, आणि तो हवालदार, पलटणीतला सगळ्यात चपळ गडी, रिकाम्या हातांनी घरी गेला. देवापुढे बसाल तेव्हा त्याचीही आठवण ठेवा.